पहिलं ताट

हंसा माझी भावजय. नणंदेने भावजयीचं कौतुक करायचं नसतं ही साऱ्या मुलखाची रीत आहे, आणि ती मोडायची मला काही हौस नाही. पण मागे पालघरला एका संस्थेने 'यशस्वी उद्योजिका' म्हणून तिचा सत्कार ठेवला, तेव्हा तिच्याविषयी दोन पानं लिहून द्यायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. मी लिहून दिलं. सगळं गोड गोड. राहिलं ते इथे लिहिते आहे.

त्या सत्काराचंच आधी सांगते. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी तिला माईकवर विचारलं, घर आणि धंदा यांचा तोल कसा सांभाळता? हंसा म्हणाली, "नाय सांभाळला जात. सांडतं." लोक खो खो हसले, टाळ्या पडल्या. तिने विनोद केला नव्हता, पण ऐकतो कोण. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि शाल-श्रीफळाच्या आधीच स्टेजवरून खाली उतरली, कारण बोईसरला जेवणाची वेळ होत आली होती. शाल मी घेतली. ती अजून माझ्याकडेच आहे, हंसाला अजून उलगडून बघायलाही वेळ मिळालेला नाही.

हंसाचा धंदा म्हणजे जेवणाचा. बोईसरच्या एमआयडीसीतल्या तीन कारखान्यांना ती दुपारचं जेवण पुरवते. एका गाळ्यात तिचं स्वयंपाकघर आहे, तिथे चाळीसेक बायका कामाला. सुरुवात केली तेव्हा ती, मी आणि आमच्या शेजारची साखरबाई एवढ्याच होतो. त्याआधी हंसा बोईसरच्या बाजारात टोपली घेऊन मासळी विकायची आणि माझा भाऊ धर्मेश दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट हाकणारा मुख्य, होता. बोटीचा मालक बोट विकून मोकळा झाला आणि धर्मेश घरी बसला. मी तेव्हा अंगणवाडीतून नुकतीच निवृत्त झाले होते, म्हणजे मीही बसलेलीच. घरात बसलेल्या माणसांची संख्या वाढली की चालणाऱ्या माणसाला धावावं लागतं. हंसा धावली.

पहिला कारखाना मिळाला तो दुसऱ्याच्या पापावर. आधीच्या ठेकेदाराच्या जेवणाने तिथली माणसं आजारी पडली होती, काही जण दवाखान्यात गेले होते. आम्ही टोप घेऊन पोचलो तर जेवणघरात शे-सव्वाशे माणसं भिंतीला टेकून उभी, आणि ताटाला हात लावायला कोणी तयार नाही. वरण निवायला लागलं. साखरबाई म्हणाली, चला, टोप उचला, यांच्या पाया काय पडायचं. हंसाने मात्र एक ताट उचललं, वरण, भात, उसळ, चपाती, सगळं वाढून घेतलं, त्यांच्या मधोमध बाकावर बसली आणि जेवायला लागली.

हे तिला सुचलं ते आमच्या आईमुळे. आईची एक शिस्त होती. ज्या बाईने मासळी आणली तिने पहिलं कालवण सगळ्यांदेखत खायचं, मग पंगत. ताजी म्हणून आणलेली मासळी ताजी आहे हे बोलून नाही, खाऊन दाखवायचं. हंसा लग्न होऊन आली त्या आठवड्यातच आईने तिला असं सगळ्यांसमोर बसवलं होतं आणि ती लाजून अर्धमेली झाली होती. त्या दिवशी कारखान्यात ती लाजली नाही. चवीने जेवली, बोटं चाटली. बॉयलरवर काम करणारा, पिकल्या मिशांचा एक माणूस आधी पुढे आला. मग सगळे आले. टोप धुतल्यासारखे रिकामे झाले.

दुसऱ्या दिवशी ती ताटं वाढायला लागली, तर माणसं पुन्हा उभीच. "भाभी, पहले आप," तो मिशीवाला म्हणाला. झालं. तेव्हापासून रोज पहिलं ताट हंसाचं. पुढे ते कंपनीच्या साहेबांनाही आवडलं. ललित म्हणून तिथे एक अधिकारी आहेत, माणूस सज्जन, त्यांनी ही गोष्ट आणखी दोन कारखान्यांत सांगितली आणि त्यांचीही कामं मिळवून दिली. अट एकच, मालकिणीने स्वतः समोर बसून खायचं. हंसाला तेव्हा वाटलं, फुकटात जाहिरात झाली. मलाही वाटलं. धंदा वाढला, बायका वाढल्या, टेंपो आला, आणि हंसा रोज तीन ठिकाणी तीन वेळा जेवायला लागली.

ती हुशार आहे, हे मी नणंद असूनही सांगते. तिने बायका निवडल्या त्यातच बघा. निम्म्या आमच्या दांडी गावच्या, निम्म्या मनोरकडच्या पाड्यांवरच्या. का? तर दांडीच्या सगळ्या एकमेकींच्या नात्यातल्या. एका घरी लग्न निघालं की साऱ्या गावाची चूल बंद. नारळी पौर्णिमेला आमच्या बायका येत नाहीत, भातकापणीला मनोरकडच्या येत नाहीत, पण दोन्हीकडच्या एकदम कधी गायब होत नाहीत. मनोरकडची चिमी सगळ्यांची मुख्य. तिच्या हाताला अशी चव आहे की माझ्यासारखी नावं ठेवणारी बाईसुद्धा गप्प बसते. एकीच्या जागी दुसरी, दुसरीच्या जागी तिसरी, अशी सगळ्यांची बदली हंसाने लावून ठेवली. स्वतःची तेवढी लावली नाही. तिच्या ताटाला बदली नव्हती.

मग काय होतं, ते मी जवळून पाहिलं. हंसाच्या भाच्याचं लग्न झालं, ती हळदीला नव्हती. तिची आई वारली तेव्हा सकाळी तिने तोंड बघितलं आणि दुपारी बोईसरला येऊन तीन ताटं जेवली. डोळे पुसत घास गिळत होती आणि माणसं जेवत होती. मी तिला म्हटलं, आज तरी नको होतं. ती म्हणाली, चारशे माणसं उपाशी ठेवू काय? हंसाच्या बोलण्याला उत्तर नसतं हेच तर माझं मोठं दुखणं आहे.

आणि धर्मेश. समुद्रावर ज्याच्या शब्दाशिवाय जाळं पडत नव्हतं, तो बायकोचा टेंपो चालवतो. गावात त्याला चिडवायला लोक कमी नाहीत. तो हसतो. नवरा-बायको दिवसभर टेंपोत शेजारी बसतात, पण त्यांच्यात बोलणं काय, तर डाळ सांडली का, झाकण घट्ट आहे का, गेट उघडलं का. घरी दोघं एका पंगतीला बसल्याचं मला आठवत नाही, कारण हंसा घरी जेवतच नाही. तीनदा जेवून आलेल्या बाईला भूक कुठून लागणार? हळूहळू तिचं अंग सुटलं, मग रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, भात कमी करा. ती हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तीन ताटं जेवली. दोन घास खाऊन उठून चालत नव्हतं. एकदा तिने तसं केलं होतं, तर माणसांनी ताटं बाजूला सारली, की भाभीला जेवणात काही तरी लागलंय. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत.

या सगळ्यातून एक माणूस बाहेर काढायचं हंसाने ठरवलं होतं. तिची लेक, उन्नती.

उन्नती दहावीत असताना सुट्टीत एकदा गाळ्यावर आली आणि कांदे चिरायला बसली. हंसाने तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि सगळ्या बायकांसमोर सांगितलं, ही या भांड्यांना हात लावणार नाय, कोणी तिला काम सांगायचं नाय. तिने हा शब्द इतका पाळला की पोरीला चहादेखील धड करता येत नाही. आमच्या घरात असली मुलगी म्हणजे नाचक्की, पण हंसा ते कौतुकाने सांगत फिरायची. उन्नती शिकली, मासळीतलंच काहीतरी शिकली, आणि तिला गुजरातेत वेरावळला प्रयोगशाळेत नोकरी लागली. परदेशी जाणारी मासळी चांगली की वाईट ते तपासायचं. पोरगी खूश होती. भाड्याची खोली बघून झाली होती, तिथल्या दोन मुलींशी फोनवर मैत्रीही झाली होती. हंसा तर हवेत होती. रोज टेंपोत बसल्यावर धर्मेशला सांगायची, आपली पोर बाहेर निघाली. जणू पूर चढला होता आणि पोर तेवढी वर चढली होती.

उन्नती निघायला थोडे दिवस असताना हंसाच्या पायावर उकळती डाळ सांडली. साखरेमुळे पायाला पुरतं कळलंच नाही. ती मोजा चढवून तशीच फिरत राहिली आणि जखम चिघळली, तेव्हा बोईसरच्या दवाखान्यात भरती करावं लागलं. डॉक्टरांनी मलाच फैलावर घेतलं, की तुम्ही घरात काय करता.

पहिल्या दिवशी हंसाच्या जागी मी जाऊन बसले. मला वाटलं, मी मोठी नणंद, वयाने मोठी, मान राहील. मी पूर्ण ताट जेवले. माणसं जेवली, पण अर्धवट, आणि बरंच टोपातच परत आलं. मालकीण दवाखान्यात म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात भलतंच आलं होतं, की स्वतःच्याच जेवणाने आजारी पडली. मी पायाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण विश्वास मान हलवून येत नाही.

दुसऱ्या दिवशी चिमीला बसवलं. ज्या हाताने रांधलं त्याच हाताने खाल्लं, याहून वेगळं काय हवं? पण तो मिशीवाला हसून म्हणाला, "ये तो खाएगी ही, इसकी नौकरी है." चिमीला हिंदी कळते. ती ताट पुरं करूनच उठली. मला असा राग आला होता की त्या माणसाच्या मिशा ओढाव्यात. पण त्याचं बोलणं खोटं नव्हतं. खाणाऱ्याचं काहीतरी पणाला लागलेलं असावं, एवढंच त्या माणसांना हवं होतं. घरापासून हजार मैल लांब आलेली माणसं ती. आजारी पडली तर त्यांना पाणी द्यायला कोण आहे?

त्या संध्याकाळी ललित साहेबांचा फोन आला. आवाजात अवघडलेपण होतं. चौकशी केली, पायाचं विचारलं, आणि मग म्हणाले की अजून दोन दिवस असंच चाललं तर वरचे लोक दुसरी सोय बघतील. फोन उन्नतीच्या समोर आला होता. मी तिला काहीच म्हटलं नाही. ती आपण होऊन म्हणाली, "मी जाते ना आत्या, आईला सांगू नको."

मी तिला थांबवायला हवं होतं असं कोणी म्हणेल. म्हणोत. चाळीस बायकांची कामं जात होती आणि पोरीला फक्त जेवायचं होतं.

उन्नती जाऊन बसली. लाजली, अगदी तिची आई पहिल्यांदा लाजली होती तशी. खाली मान घालून जेवली. आणि काय सांगू, माणसं उठलीच एकदम. त्या दिवशी चपात्या कमी पडल्या. जाताना मिशीवाल्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ललित साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हे आधीच करायला हवं होतं हो, आई आपल्या पोरीला वाईट काही खाऊ घालेल का? आता कोणाला शंका राहिली नाही. शेजारच्या नव्या कारखान्याचं कामही तुम्हालाच मिळेल, फक्त मुलगी येत राहू दे. ते मनापासून आनंदाने बोलत होते. आणि पोरीचं गाडीचं तिकीट तर काढून झालं होतं.

हंसाला आम्ही सांगितलं नव्हतं. सांगितलं साखरबाईने. दवाखान्यात भेटायला गेली आणि पेढे वाटल्यासारखी सांगत सुटली, तुझी पोर काय सुरेख बसली, काय ऐटीत जेवली. हंसाने ऐकून घेतलं. साखरबाई गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं. ललित साहेब काय बोलले ते तिने माझ्याकडून खोदून खोदून काढून घेतलं, आणि सगळं ऐकून म्हणाली, "ताय, मी माझ्या जिवावर धंदा उभा केला. आता ते लोक माझ्या जिवापरीस मोठं मागतात."

उन्नतीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती, आधी सुरत आणि तिथून पुढे वेरावळ. त्या दिवशी सकाळी हंसा डॉक्टरांशी भांडून, सही करून दवाखान्यातून निघाली. पायाला हे एवढं बँडेज. धर्मेश नको म्हणाला, मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही. आज मी बसले की उद्यापासून सगळं पहिल्यासारखं होईल, असं ती सारखी म्हणत होती. घरात गाडी म्हणजे तो एकच टेंपो, म्हणून ठरलं असं की आधी कारखान्यात टोप उतरवायचे, हंसाने जेवायचं आणि तिथूनच धर्मेशने उन्नतीला स्टेशनवर सोडायचं. बॅग पुढच्या सीटवर होती. उन्नती नवा ड्रेस घालून बॅगेशेजारी बसली होती आणि फोनवर वेरावळच्या मैत्रिणींना सांगत होती की निघालेच.

हंसा लंगडत जेवणघरात आली तेव्हा माणसांनी टाळ्या वाजवल्या. खरंच प्रेम होतं त्यांचं, ते मी नाकारणार नाही. तब्येत विचारली, बसायला बाक पुढे केला. हंसाने ताट वाढून घेतलं आणि जेवली. हळूहळू, सगळ्यांना दिसेल असं. भात, वरण, भाजी. ताट पुसून खाल्लं. मान वर करून पाहिलं, तर माणसं जागेवरच.

तिला वाटलं, अजून नीट बघितलं नसेल. तिने पुन्हा वरण-भात घेतला. डॉक्टरांनी ज्याला विष म्हटलं होतं तो भात ती दुसऱ्यांदा गिळत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. कोणी हललं नाही. कोणी रागावलेलंही नव्हतं. शेवटी मिशीवाल्याने अदबीने विचारलं, "भाभी, आज बिटिया नहीं आई?"

हंसा म्हणाली, ती नोकरीला चालली, आज गाडी हाय तिची.

"तो खा के जाए. खाली पेट क्यों जाए?" तो म्हणाला. त्यात वावगं काय होतं? काहीच नाही. सगळ्यांनी मान डोलावली.

उन्नती दारात उभी होती. उशीर होतोय म्हणून बघायला आली असणार. तिने आईकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, मग टोपांपाशी उभ्या आमच्या बायकांकडे पाहिलं. चिमी डाव हातात धरून उभी होती. ती पोरीकडे बघत होती. चिमीच्या घरात कमावणारी ती एकटी, हे उन्नतीला ठाऊक आहे.

उन्नती आत आली आणि आईशेजारी बाकावर बसली. तिने ताट ओढलं तशी हंसाने तिचं मनगट धरलं.

"उठ. गाडी चुकेल," हंसा म्हणाली.

"पुढची घेईन ना, आई."

"पुढची नाय. उठ तू."

उन्नती उठली नाही आणि हंसाने मनगट सोडलं नाही. धर्मेश किल्ली हातात घेऊन दारात आला होता, तो तिथेच खिळला. हंसाने एकदा पोरीकडे पाहिलं. मग तिची नजर चिमीवर गेली, साखरबाईवर गेली, पुन्हा चिमीवर आली. मी तिच्या अगदी जवळ होते. तिच्या हातात केवढं बळ आहे ते मला माहीत आहे, भरला टोप ती एकटी उतरवायची. तिने मनगट सोडलं.

उन्नतीने घास घेतला. आणि मान वर न करता म्हणाली, "चिमीमावशी, वरणात मीठ कमी हाय." चिमी लगबगीने मीठ आणायला गेली. माणसं हसली आणि ताटं घेऊन उठली. दोनदा जेवूनही हंसाला मीठ कळलं नव्हतं, कारण ती चवीसाठी जेवतच नव्हती.

नंतर बाकीचे दोन कारखाने झाले. तिथेही उन्नतीच बसली, कोणाला सांगावंही लागलं नाही. परत येताना हंसा आणि मी टेंपोच्या मागे रिकाम्या टोपांमध्ये बसलो होतो, कारण पुढे बॅग आणि उन्नती होती. वाणगाव-सुरतेकडची गाडी जायची होती म्हणून टेंपो रेल्वे फाटकाशी थांबला, बराच वेळ. हंसा माझ्याकडे न बघता बोलली.

"मी सोडला हात, ताय. धरून ठेवला असता तर उठली असती ती."

पुढे उन्नती बापाला विचारत होती की उद्याचे कांदे कुठून आणायचे.